पत्र्याच्या डब्यातली नळी

कुमुद, तुझ्या शेवटच्या निरोपाला क्रेमेटोरियममध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की जुन्या यंत्राच्या व्हॉल्वचं एक अख्खं कपाट तू पदर खोचून, एकटीने, पाठीवर मारून व्हॅनमधून आपल्या म्युझियमच्या शेडपर्यंत नेलं होतंस. आणि कुणीही मला अडवलं नाही.

मी सवयीने थांबले. थाप मारली की थांबायचं, हे इतक्या वर्षांत अंगात मुरलंय. मी थांबले की माझ्या डावीकडून तुझा आवाज यायचा, "कपाट नाही, एक पॅनेल. आणि ट्रॉलीवरून." मग लोक हसायचे आणि मी पुढचं रचायला मोकळी. त्या दिवशीही तू डावीकडेच होतीस, पण पेटीच्या झाकणाखाली, वर पांढरी फुलं. मी थांबले ती थांबलेच. लोकांना वाटलं मला हुंदका आलाय. तुझी लेक मैत्रेयी उठून आली, खांद्याभोवती हात टाकून तिच्या इथल्या मोडक्या मराठीत कानात म्हणाली, "इट्स ओके मावशी, तू बसला तरी चालेल."

मी रडत नव्हते. मी वाट बघत होते.

त्याआधी भन्तेजींनी पंचशील म्हटलं, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं तेव्हा मी नेहमीसारखे ओठ नुसते हलवले. पौर्णिमेला तू मला विहारात न्यायचीस तेव्हा नेमकी याच जागी तिरकं बघायचीस. "निदान इथे तरी मोठ्याने म्हण." मी सांगायचे, जे पाळणार नाही ते म्हटलं तर ते म्हणणंच खोटं होईल. तू त्यावर विचार करायला लागायचीस. खरोखरचा विचार. तुझा हाच जाच होता, लोक विनोदाला हसतात, तू त्यातली चूक शोधायचीस.

मग हेलन बोलली. आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या म्युझियमची मॅनेजर म्हटल्यावर तिला बोलणं भागच होतं, आणि बाई मनाने फार चांगली आहे. पण तिने तेच सांगितलं जे सांगण्याचा मोह कुणालाही आवरत नाही. आपल्या यंत्राच्या नळीतले ठिपके क्षणात विरतात, म्हणून ते सारखे वाचून सारखे पुन्हा लिहावे लागतात, तसंच आपणही कुमुदची आठवण वगैरे. पाकिटातून टिश्यू निघाले. तू असतीस तर पहिल्या रांगेतून म्हणाली असतीस, "ठिपके म्हणजे काचेवरचा विद्युतभार. मी नाही." मी ते तुझ्या वतीने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जमलं नाही. तुझ्या आवाजातलं कोरडेपण माझ्याकडे नाही, माझ्या गळ्यातून 'इकडे या' सुद्धा वर्दी दिल्यासारखं निघतं.

आपली ओळख झाली तीही तू मला दुरुस्त करण्यातून. मी लंडनजवळ पिनरच्या केमिस्टच्या दुकानात काउंटरला होते, पावतीचं मशीन कागद ओढेना आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा अस्सल कोल्हापुरी उद्धार करत होते, या भरवशावर की रांगेतल्या कुणाला कळणार नाही. रांगेत तू होतीस. तू म्हणालीस, "रोल उलटा घातलाय." मराठीत. ना हॅलो, ना 'तुम्ही महाराष्ट्रातल्या का'. मी रोल फिरवला, मशीन चाललं, तू गोळ्या घेऊन निघून गेलीस. मी लोकांना सांगते की त्या क्षणी मला साक्षात्कार झाला आणि मी काउंटर ओलांडून तुझ्यामागे वॉटफर्डपर्यंत धावले. तू सांगायचीस, "पुढच्या महिन्यात मी परत गेले तेव्हा हिने चहाला बोलावलं." दोन्ही ऐकून लोक ठरवायचे. बहुतेक जण माझं घ्यायचे. तुला त्याचं काही वाटायचं नाही, फक्त ते तसंच राहून गेलेलं तुला चालायचं नाही.

रिटायर झाल्यावर मी घरातल्या भिंतींना गोष्टी सांगत बसायचे, म्हणून तू मला त्या शेडमध्ये ओढून नेलंस. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय, टेलिफोन एक्स्चेंजचा भंगार बाजार आहे का. खोलीभर लोखंडी फळ्या, त्यांवर जुन्या रेडिओत असायचे तसले बोटाएवढे काचेचे व्हॉल्व, मधोमध एक हिरवट पडदा, ताटलीएवढा. तू म्हणालीस, महायुद्धानंतर या देशात पहिली प्रायोगिक कॉम्प्युटर यंत्रं बनली, त्यांतल्या एकाची ही नक्कल. त्याआधीच्या यंत्रांना काम बदलून द्यायचं तर तारा उपटून पुन्हा जोडाव्या लागत. या यंत्रांनी तारांना हात न लावता काम बदललं, कारण आकडे आणि सूचना दोन्ही एकाच स्मृतीत ठेवल्या होत्या.

"म्हणजे पिठाच्या डब्यातच पिठल्याची कृती," मी म्हटलं.

तू ते तपासून पाहिलंस. मग म्हणालीस, "चालेल. पण शिजवता शिजवता कृती स्वतःलाच बदलू शकते, हे त्यात येत नाही."

"माझं पिठलं तसंच होतं."

तू हसलीस. तुला हसवलं की मला वाटायचं, बहुतेक सूर्यग्रहण लागलंय, लोकांनी बाहेर बघू नये.

तिथून आपली जोडी जमली. तू यंत्र चालवायचीस, मी लोकांना गोष्टी सांगायचे. मी सांगायचे, मूळ यंत्र इतकं नाजूक होतं की गावातून ट्राम गेली की दोन अधिक दोन पाच व्हायचे आणि ट्राम परत आली की पुन्हा चार. तू: "ट्रामच्या ठिणगीने ठिपका बिघडू शकतो. उलट दुरुस्त होत नाही." मी सांगायचे, व्हॉल्व एवढे तापायचे की प्रोफेसर मंडळी त्यांवर सॉसेज भाजायची. तू: "गरम होतं. खिडक्या उघड्या ठेवत." शाळेची मुलं सॉसेज ऐकून खिदळायची आणि खिडक्या ऐकून जास्त खिदळायची. मला वाटायचं, हसवते ती मी. आता शेडमध्ये एकटी उभी राहून सॉसेज भाजते आणि मुलं मान डोलावतात. लिहूनसुद्धा घेतात. मला भीती वाटते, कुमुद. मी सांगेन ते तसंच राहायला लागलंय.

पण तू जे खरं केलंस, ते सांगायला मला कधी थापेची गरज पडली नाही. ती नळी. यंत्राची स्मृती म्हणजे टीव्हीसारखी एक नळी, तिच्या काचेवर भाराचे ठिपके, आणि ते टिपायला काचेला चिकटून धातूची जाळी. जाळीमुळे काच दिसतच नाही, वर सगळं पत्र्याच्या डब्यात बंद. लोक ज्या हिरव्या पडद्याकडे बघतात, तो शेजारचा वेगळा पडदा, डब्यात काय चाललंय ते दाखवणारा. खरी नळी कुणालाच दिसत नाही. आणि ती नळी लक्षात ठेवू लागेपर्यंत तुझे किती हिवाळे गेले. मी थर्मास घेऊन यायचे तेव्हा तू कोट घालून डब्यापाशी वाकलेली, स्क्रूड्रायव्हरने केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे. कॉलिन, आपल्यातला एकेकाळचा खरा पगारी इंजिनिअर, तोही म्हणायचा, सोड कुमुद, त्या जुन्या नळ्या आता राहिल्याच नाहीत. तू सोडलं नाहीस. आणि ज्या दिवशी ठिपके विस्कटले नाहीत, तसेच उभे राहिले, त्या दिवशी मी मिठी मारायला धावले, तर तू म्हणालीस, "हळू. फळी हलेल."

थर्मास आणायचं कारण तुझा नियम. यंत्र चालू असताना बाजूच्या किचनमधली विजेची किटली लावायची नाही. ती उकळून बंद होताना खट् होतं आणि तेवढ्यानेही ठिपके गडबडतात. चहावर पाळत ठेवणारी बाई या देशात लोकप्रिय होत नाही. तू किटलीची वायर प्लगसकट काढून सरळ पर्समध्ये घालायचीस. पाठीमागे लोक तुला काय म्हणायचे ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगितलं तरी त्यात निम्मं माझं असेल.

गेल्या वर्षी हेलनने चिपचा विषय काढला. नळी मध्येच रुसते, लांबून आलेले लोक बंद यंत्र बघून जातात, तर मागे नखाएवढी आजची चिप बसवू, एक स्विच ठेवू. नळी रुसली की स्विच टाकायचा, पडद्यावर ठिपके तसेच. लोकांना काही फरक कळणार नाही. मी म्हटलं, काय वाईट आहे? तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझ्या घरात चपला घालून आले.

गाडीत आपण भांडलो. मी म्हटलं, "अगं, लोक तरी काय बघतात? तो पडदा. म्हणजे आधीच नक्कल. नकलेच्या मागे नळी असली काय नि चिप असली काय."

"कशाची नक्कल?"

"आता तू तत्त्वज्ञान करू नकोस, राउंडअबाउट आलाय."

"ते मूळ यंत्र गणितासाठी बांधलंच नव्हतं, पुष्पा. गणित हातानेसुद्धा लवकर झालं असतं. ही नळी लक्षात ठेवू शकते का, एवढंच बघायला अख्खं यंत्र बांधलं. तो प्रश्न होता. तू प्रश्नच काढून टाकलास तर मागे उरतं काय? फळ्या."

"लोकांना ठिपके आवडतात."

"काहून वं बोलते असं?" रागावलीस की तुझं नागपूर बाहेर यायचं. "तू तरी नको बोलू."

'तू तरी' का म्हणालीस, ते मला तेव्हा कळलं नाही. आपल्या दोघींत थापा मारणारी मी. चिप मलाच पटायला हवी होती.

ते तू हॉस्पिटलमध्ये सांगितलंस, किंवा सांगायला लागली होतीस. तुझ्या हाताला नळ्या, तोंड सुकलेलं, आणि मी तुझं मन रमावं म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांच्या बनावट लफड्यांची मालिका सांगत होते. तू मध्येच म्हणालीस, "तुझ्या थापा मला का चालतात, माहितीय?"

"माझ्या सौंदर्यामुळे."

"त्या खऱ्यापेक्षा मोठ्या असतात. कुठून तरी बाहेर दिसतात. माणसाला धरता येतात. ती चिप खऱ्याच्याच मापाची आहे. ती कुणालाच धरता येणार नाही. आणि तू तिच्यापुढे उभी राहून—"

नर्स रक्त घ्यायला आली. तू तिला बोट दाखवून थांबवलंस आणि मला म्हणालीस, "जाऊ नकोस, माझं संपलेलं नाही." पण नर्सनंतर डॉक्टर आला, डॉक्टरनंतर तुला झोप लागली, आणि झोपेनंतर ताप. पुढे तू मैत्रेयीला ओळखत होतीस, मला पण ओळखत असावीस, हात दाबायचीस. त्या वाक्याकडे मात्र परत आली नाहीस. मी उभी राहून काय, कुमुद? काय होणार होतं माझं? मी हजार वाक्यं रचू शकते, त्यातलं एक तुझं असेलही. कुठलं ते सांगणारी तू नाहीस.

तुझ्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी शेडमध्ये गेले. मैत्रेयी म्हणाली, "मावशी, आजच्या दिवस घरी राहा ना. मम्मी रागावला नसता." मी म्हटलं, तुझी मम्मी नक्की रागावली असती, लोकांनी तिकिटं काढलीत. खरं म्हणजे मला दुसरीकडे कुठे जावं ते सुचत नव्हतं. कॉलिन मुलीकडे एडिनबराला. त्याने सकाळी यंत्र चालू करून प्रोग्राम भरून ठेवला होता आणि ट्रेन पकडायला गेला होता. जाताना चिपचा स्विच दाखवून गेला. तू आजारी असताना ती बसवून झाली होती, 'फक्त अडचणीसाठी'. काळा, साधा, फळीच्या मागे, हात मागे बांधून उभं राहिलं तर सहज सापडेल असा.

दुपारी छान गर्दी होती. मी ट्राम सोडल्या, सॉसेज भाजले. पडद्यावर ठिपके सरकत होते, तुझे. आणि किचनमध्ये जीन होती, तिकिटं फाडणारी, माझ्याकडे काचेतून बघून सारखी डोळे पुसणारी. तिला माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं. इथल्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखात काही करायचं म्हटलं की तो एकच गोष्ट करतो. तिने किटली लावली. प्लग तुझ्या पर्समध्ये नव्हता. तुझी पर्स आता मैत्रेयीच्या कपाटात आहे.

खट् झालं ते मला ऐकू आलं. पडद्यावर आधी एक ठिपका बाजूला गेला, मग ओळच्या ओळ विस्कटली आणि सगळं धुरकट. मी कॉलिनने शिकवलेलं बटण दाबलं, थांबवलं, पुन्हा चालवलं. तेच. तू केसाएवढं इकडे करायचीस ते स्क्रू मला माहीत आहेत, पण ते फिरवायचा हात माझा नाही. लोक थांबले होते. पुढे एक छोटी मुलगी वडिलांच्या खांद्यावर. हात मागे होते माझे, आणि स्विच बोटाला लागत होता.

एक टिचकी. ठिपके परत, टाळ्या, आणि जीनला आयुष्यात कधी कळलं नसतं की तिने काय केलं.

मी म्हटलं, "बंद पडलंय."

कुणीतरी हसलं. माझा सूर असा आहे की लोकांना वाटतं यापुढे गंमत येणार. ते वाट बघत राहिले. मी म्हटलं, "नाही, खरंच बंद पडलंय. नळी चालत नाही. जिला ती चालवता यायची ती आमच्यात नाही." मुलीच्या वडिलांनी तिला खाली घेतलं. एक बाई सॉरी म्हणाली, का ते तिलाच ठाऊक. हळूहळू सगळे कॅफेकडे गेले, आणि जीन चहा घेऊन आली, दोन साखर घालून, आणि म्हणाली, "घे, लव्ह, गरम आहे तोवर." मी प्यायले. तिला काही बोलले नाही. तू बोलली असतीस. शांतपणे, एका वाक्यात, आणि ती वर्षभर तुझ्याशी बोलली नसती.

हे तुझ्या बाजूने झालं असं वाटलं ना? मलाही तसंच वाटलं. गाडीत मी तुला मोठ्याने सांगत आले, बघ, जमलं मला. पण पुढच्याच कमिटीत हेलनने तो शनिवार टेबलावर ठेवला. लोकांची नाराजी, कॉलिन नाही तर यंत्र चालवणारं कुणी नाही, कुमुद नाही. अडचणीपुरती नको, चिप कायमची घालू. नळी डब्यात राहील, तिला वीज देत बसायला नको. मी खरं बोलले, कुमुद, म्हणून त्यांना कारण मिळालं. स्विच टाकला असता तर नळी निदान पुढच्या शनिवारी कॉलिनने पुन्हा उभी केली असती. तुला माहीत असतं काय करायला हवं होतं. मला अजून माहीत नाही. मी रोज वेगळं ठरवते.

मी उभी राहून बोलले. तुझं म्हणणं, तुझ्या नावाने, काही न जोडता. यंत्र गणितासाठी नव्हतंच, ही नळी लक्षात ठेवते का एवढं बघण्यासाठी बांधलं होतं, तीच काढली तर प्रयोगच गेला. हेलन प्रेमाने हसली आणि म्हणाली, "पुष्पा, इज दिस वन ऑफ युवर स्टोरीज?" टेबलाभोवती सगळे हसले. वाईट हेतूने नाही. तुझ्या आठवणीने हसावं तसं, ओलं. एकटा कॉलिन म्हणाला, "नाही, हे खरं आहे." पण त्याने खाली बघत म्हटलं, आणि नळीला रोज हात लावून तो थकलाय, तेही खरं आहे. हात वर झाले, त्यात कॉलिनचाही होता. मी त्याला दोष देत नाही. गाडीतल्या त्या भांडणात माझा हात कुणी मोजला असता तर तोही त्याच बाजूला होता.

आता डब्यात नळी थंड आहे. पडद्यावर ठिपके अगदी सुंदर चालतात, एकदाही चुकत नाहीत. किटली दिवसभर चालू असते, शेडमध्ये चहाची चंगळ आहे. मैत्रेयी विचारते, मावशी, मग तू कशाला जाते तिकडे? मी तिला सांगते, माझ्याशिवाय शेडचं छप्पर खाली येईल. तिला हे खरं वाटतं, बिचारीला.

मी हेलनकडे गेले होते. म्हटलं, चिप आहे हे लोकांना सांगणार असाल तर मी येईन, नाहीतर गोष्टी सांगणारी दुसरी शोधा. ती म्हणाली, दारात पाटी लावली तर सगळी मजाच जाईल. बरीच घासाघीस झाली. मी रडण्याची धमकी दिली, गावभर जाहीर करण्याची दिली, शेवटी काहीच न बोलता बसले, आणि मी गप्प बसलेली तिने पहिल्यांदाच पाहिली म्हणून असेल, ती घाबरली. एक वाक्य मिळालं मला. टूरच्या शेवटी, टाळ्या झाल्यानंतर.

म्हणून दर शनिवारी मी ट्राम सोडते, सॉसेज भाजते, कुणी अडवत नाही. ठिपके नाचतात, टाळ्या होतात, लोक कोट चढवायला लागतात, मुलं दाराकडे पळतात. तेव्हा मी माझा आवाज खाली आणते आणि सांगते की आज तुम्ही पाहिलेली स्मृती नव्या चिपची होती, या यंत्राची खरी नळी त्या डब्यात बंद आहे, आणि ती कुमुद नावाच्या बाईने चालती केली होती. वाक्य अर्ध्यावर येईपर्यंत बहुतेक जण कॅफेत पोचलेले असतात. मी ते पूर्ण करते.